खुनाच्या शोधात ससाणा सापडला: आपल्या वाटेवर नसलेली, फारशी कुणी न वाचलेली पुस्तकं

टाचणी
मी वर्षानुवर्षं फक्त रहस्यकथा वाचत आलेय. दुसरं काही हातात घेतलं आणि तिसाव्या पानापर्यंत प्रेत पडलं नाही की मला करमेनासं होतं. गेल्या महिन्यात वाचनालयात रहस्यकथांच्या कप्प्यात 'द पेरेग्रीन' नावाचं एक पातळसं पुस्तक दिसलं. लेखक जे. ए. बेकर, साल १९६७. पेरेग्रीन हे एखाद्या हेराचं टोपणनाव असणार अशी समजूत करून घेतली आणि घरी आणलं. ते पुस्तक त्या कप्प्यात ठेवणाऱ्याचीही बहुधा तीच समजूत झाली असावी.

पेरेग्रीन म्हणजे बहिरी ससाणा. पुस्तकात हेर नाही, कट नाही, संवाद जवळजवळ नाहीतच. पूर्व इंग्लंडमध्ये एक माणूस ऑक्टोबर ते एप्रिल सायकल काढतो नि ससाण्यांच्या मागे हिंडतो, एवढंच. दहा वर्षांचं हिंडणं त्याने एका हिवाळ्याच्या रोजनिशीत दाबून बसवलंय. आणि खून म्हणाल तर पानोपानी! ससाण्याने खाऊन टाकून दिलेले पक्षी तो एखाद्या पोलीस पंचनाम्यासारखे टिपून ठेवतो. ही पाळतीचीच गोष्ट आहे हे चाळीसेक पानांनंतर माझ्या लक्षात आलं. ससाणा आकाशात शोधत बसण्यापेक्षा बाकीचे पक्षी कुठे बिथरून उठतायत यावर त्याची नजर असते. असा तपास माझ्या एकाही इन्स्पेक्टरला जमलेला नाही.

मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्याआधीचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. आणि आता पंचाईत अशी, की या पुस्तकाबद्दल बोलायला कुणी नाही. घरी सांगायला गेले तर "पक्ष्यांचं पुस्तक? तू?" यापुढे गाडी गेली नाही.

तर सांगा, आपल्या नेहमीच्या प्रकारातलं नसलेलं, चुकूनमाकून हाती लागलेलं आणि आसपास कुणीच न वाचलेलं असं तुमचं पुस्तक कुठलं? अट एकच: 'वाचलंच पाहिजे' छापाच्या याद्या नकोत.

कोरंपान
वाखुसा (वाचनखूण साठवली). प्रतिसादांसाठी जागा धरून ठेवतेय.

चष्मा_कुठंय
छान धागा. माझ्याकडून दोन नावं: कोसला आणि रणांगण. जरूर वाचा, फारशी कुणाला माहीत नाहीत.

रात्रपाळी
@चष्मा_कुठंय, काका, चष्मा सापडला की धाग्याचं शीर्षक पुन्हा वाचा. रणांगण १९३९ चं आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक दुसऱ्या यादीत आहे. :)

चष्मा_कुठंय
आमच्या घरात मी सोडून कुणी वाचलेलं नाही. म्हणजे अटीत बसतं.

रात्रपाळी
माझा प्रवास टाचणीच्या बरोब्बर उलटा. मी इतिहासवाली, रहस्यकथांना नाक मुरडणारी. आजारी पडून पंधरा दिवस अंथरुणात होते तेव्हा मैत्रिणीने जोसेफीन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) आणून दिली. त्यातला इन्स्पेक्टर ग्रँटही पाय मोडून इस्पितळात पडलेला! वेळ जावा म्हणून कुणीतरी त्याला जुन्या चित्रांच्या प्रती आणून देतं. त्यातल्या एका चेहऱ्याकडे पाहून त्याला वाटतं, हा माणूस न्यायाधीश असावा. तो निघतो तिसरा रिचर्ड, पुतण्यांचा खुनी म्हणून शाळेच्या पुस्तकात बदनाम झालेला राजा. मग हा गृहस्थ गादीवरून न उठता चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास करतो. पुरावे कुठले? बखरी, पत्रं, आणि कुणी काय, कुणाच्या सत्तेत बसून लिहिलं त्याच्या तारखा.

निष्कर्ष मला पूर्ण पटला नाही, लेखिका रिचर्डच्या प्रेमात आहे हे उघड दिसतं. पण "हे लिहिणारा त्या वेळी किती वर्षांचा होता?" हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक बखरीला विचारते.

शंकासुर
१९९० साली ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने सर्वोत्तम शंभर कादंबऱ्यांची यादी केली. तिच्यात पहिला क्रमांक याच पुस्तकाचा. हे तुमचं अपरिचित?

आणि टाचणीताई, 'द पेरेग्रीन'लाही त्या काळी डफ कूपर पारितोषिक मिळालं होतं. तुमची अट तुम्हीच मोडलीत.

टाचणी
पारितोषिक मला नंतर कळलं. वाचताना माहीत नव्हतं, ते धरा.

दोन_ओळी
अपरिचित कुणाला, हे ठरवल्याशिवाय हा धागा पुढे सरकायचा नाही.

मोल्सवर्थचा_भाचा
नाव बघून तुम्ही ओळखलं असेलच. माझं पुस्तक म्हणजे शब्दकोश. हसू नका.

कामासाठी एक शब्द बघायला म्हणून मोल्सवर्थ उघडला (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी वाढवलेली १८५७). तो शब्द मिळाला, पण त्याच्या वरचा शब्द अधिक मजेदार निघाला, मग त्याच्याही वरचा. तासाभराने भानावर आलो तर मूळ शब्द कुठला ते विसरून बसलो होतो! अर्थाबरोबर वाक्प्रचार, म्हणी, एखादा शब्द कुठल्या सुरात वापरतात त्याची टीप. एक परका लष्करी माणूस आणि त्याच्या हाताखालचे पंडित शब्दांमागे कसे हिंडले असतील ते ओळीओळीत दिसतं. तुमच्या ससाणेवाल्यासारखंच.

नंतर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचं व्यसन लागलं. सात विभाग, १९३२ ते १९३८. रोज झोपण्यापूर्वी दोन पानं. कथानक कच्चं आहे, पण पात्रं खूप आहेत.

कोरंपान
"कथानक कच्चं आहे पण पात्रं खूप आहेत" __/\__

रात्रपाळी
शेवट सांगू नका हं. 'ज्ञ'पर्यंत पोचायचंय अजून.

शंकासुर
आता थोडा खारट प्रतिसाद. हलके घ्या, पण घ्या.

पुस्तक अपरिचित राहतं याचं कारण दहापैकी नऊ वेळा साधं असतं: ते बरं नसतं. वाचक काही सगळेच मूर्ख नसतात. मी अशाच एका चर्चेत "दडलेलं रत्न" म्हणून गाजवलेली सहाशे पानांची एक कादंबरी घेतली होती. नाव सांगत नाही, लेखक हयात आहेत. पहिली दोनशे पानं नायक एका खिडकीतून बाहेर बघतो. दोनशे एकाव्या पानावर खिडकी बंद करतो. मला वाटलं, आता काहीतरी होणार! तर तो दुसऱ्या खोलीत जाऊन तिथली खिडकी उघडतो.

तेव्हापासून माझा नियम: पन्नास पानं. तोवर पकड आली नाही तर नमस्कार. कुणीच न वाचलेलं वाचलं की आपण कुणीतरी विशेष, हा त्यातला खरा आनंद असतो. तसं असेल तर तसं कबूल करा.

दोन_ओळी
दुसरी खिडकी =)) पण शेवटच्या दोन वाक्यांत तथ्य आहे. माझ्या आवडत्या पुस्तकाला मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी कुणीतरी घरात घुसल्यासारखं वाटलं होतं.

आडवाट
@शंकासुर, दहापैकी नऊ मान्य. दहाव्याचं बोलू.

जॉन विल्यम्स यांची 'स्टोनर' १९६५ साली आली. पहिल्या वर्षी दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत, मग छपाईच बंद. लेखक १९९४ मध्ये गेले. दोन हजारच्या दशकात ती पुन्हा छापली गेली, २०११ मध्ये फ्रेंच अनुवाद आला आणि मग युरोपभर ती हातोहात खपली. पुस्तकातला एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. एका सामान्य प्राध्यापकाचं सामान्य आयुष्य आहे त्यात. १९६५ मध्ये जे वाचक होते ते मूर्ख होते असं मी म्हणत नाही. त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

दुसरं, नॅन शेफर्ड यांचं 'द लिव्हिंग माउंटन'. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म डोंगरांवरचं छोटं पुस्तक, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात लिहिलेलं. प्रकाशकाकडून नकार आला, बाईंनी ते खणात ठेवून दिलं आणि थेट १९७७ मध्ये छापलं. तीस वर्षं खणात. गंमत म्हणजे गिर्यारोहणाच्या पुस्तकांत असतो तसा शिखराचा सोस यात नाही. त्या डोंगरावर 'चढत' नाहीत, डोंगराच्या 'आत' जातात. अनवाणी ओढ्यातून चालतात, उघड्या माळावर झोपतात, वाकून दोन पायांमधून उलटं जग बघतात. मी हे शेवटचं करून पाहिलं. कंबर धरली, पण जग खरंच वेगळं दिसतं.

शंकासुर
खणातून बाहेर आलेल्या एका पुस्तकामागे खणातच कसर लागलेली किती? ती मोजल्याशिवाय तुमचा हिशेब अर्धा.

आडवाट
ती मोजणार कशी? खण उघडून, वाचूनच ना?

शंकासुर
हा मुद्दा बरा आहे. तरी पन्नास पानं.

कोरंपान
जागा धरली होती, आता भरते. मला गणिताची धास्ती. दहावीनंतर भूमितीकडे पाठ फिरवली ती कायमची. आणि माझं आवडतं पुस्तक निघालं भूमितीचं! एडविन अ‍ॅबट यांचं 'फ्लॅटलँड', १८८४. निवेदक आहे एक चौकोन. म्हणजे खरंच चौकोन, कागदासारख्या सपाट जगात राहणारा. तिथे जितक्या बाजू जास्त तितका माणूस प्रतिष्ठित. सैनिक आणि मजूर त्रिकोणी, पुरोहित जवळजवळ वर्तुळ. बायका नुसत्या सरळ रेषा. समोरून टिंबाएवढ्या दिसतात, टोचल्या तर जीव जाईल, म्हणून त्यांनी बाहेर पडताना सतत आवाज करत राहावं असा कायदा. त्या काळच्या समाजाला मारलेले टोले आहेत हे, पण पहिल्यांदा वाचताना मी चिडले होते.

मग एक दिवस चौकोनाच्या घरात गोल येतो. चेंडूसारखा गोल. चौकोनाला काय दिसतं? शून्यातून एक ठिपका, ठिपक्याचं वर्तुळ, वर्तुळ मोठं होत जातं, मग लहान होत होत गायब. तो ओरडतो, तू गेलास कुठे? गोल म्हणतो, मी इथेच आहे, 'वर'. आणि चौकोनाला 'वर' म्हणजे काय तेच कळत नाही. उत्तर दिशा म्हणतोस का, असं विचारत राहतो. ते पान मी चार वेळा वाचलं. लिहिणारे गृहस्थ शाळेचे मुख्याध्यापक होते. आमच्या शाळेला असा कुणी मिळाला असता तर...

दोन_ओळी
तर तुम्ही आज वर्तुळ असता.

पुरवणी
विज्ञानकथेचा विषय निघालाच आहे तर 'सुलतानाज ड्रीम' राहून चालणार नाही. रोकेया सखावत हुसेन, १९०५, मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये छापलेली जेमतेम काही पानांची इंग्रजी कथा. एका देशात बायका राज्य करतात आणि पुरुष मर्दान्यात पडद्याआड. सूर्याची उष्णता साठवून वापरतात, हवेतून वाहनं चालतात. नवरा फिरतीवर गेला असताना वेळ घालवायला बाईंनी ही लिहिली. तो परतल्यावर त्याने उभ्याउभ्याच सगळी वाचली नि म्हणाला, "भयंकर सूड!" ही आठवण त्यांनीच लिहून ठेवलीय. मी स्वतः कथा-कविता वाचणारा माणूस, यंत्रबिंत्र आलं की पान उलटतो. इथे उलटलं नाही.

चष्मा_कुठंय
सौ.ना वाचून दाखवली. आता मला आतल्या खोलीत बसायला सांगितलंय.

जुनाट
बराच वेळ नुसता वाचत होतो. 'अपरिचित कुणाला' या दोन_ओळींच्या प्रश्नात एक प्रकार सुटला असं वाटतं. नाव सगळ्यांना माहीत, वाचलेलं कुणीच नाही. ही पुस्तकं खऱ्या अपरिचितांपेक्षा दुर्दैवी. त्यांना कुणी शोधत नाही, कारण सगळ्यांना वाटतं ती सापडलेलीच आहेत.

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. १८८३ च्या सुमारास लिहिलेला, चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. १८५७ चं नाव निघालं की सगळे त्याचा उल्लेख करतात. पण वाचलंय किती जणांनी? मी तो इतिहास म्हणून उघडलाच नाही, मला इतिहासाचं वावडं. प्रवासवर्णन म्हणून उघडला. घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघालेला एक भिक्षुक बंडाच्या ऐन मध्यात सापडतो. त्याला राजकारणाशी काही देणंघेणं नाही. त्याची काळजी एवढीच की जीव वाचावा आणि गाठीचे पैसे टिकावेत. झाशीच्या लढाईचं वर्णन वाचताना घसा कोरडा पडतो, कारण तो वीरासारखा लिहीत नाही, घाबरलेल्या माणसासारखा लिहितो.

तशीच अवस्था त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'ची, १९१५. समाजशास्त्राच्या तळटिपांत कायम, हातात कधीच नाही. कारकिर्दीत महसूल खात्यातलं काम केलेला माणूस गावाचा एकेक खिळा सोडवून दाखवतो. त्याची मतं जागोजागी खटकतात, काही ठिकाणी मी पुस्तक आपटलं. पण कानाने लिहिलेलं गद्य आहे.

रात्रपाळी
@जुनाट, मोठ्ठा +१. मी भटजींचे उतारे वाचले होते आणि पुस्तक वाचल्यासारखं बोलत होते. पकडली गेले.

आडवाट
अवांतर: घाबरलेल्या माणसाचं प्रवासवर्णन म्हटल्यावर एरिक न्यूबी आठवले. 'अ शॉर्ट वॉक इन द हिंदुकुश', १९५८. कपड्यांच्या धंद्यातली नोकरी सोडून, वेल्समध्ये चार दिवस चढाईचे धडे घेऊन हे महाशय मित्रासह अफगाणिस्तानातल्या मीर समीर शिखरावर निघतात. शिखर गाठता येत नाही. प्रवासवर्णनकार स्वतःची इतकी फजिती करून घेतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

कोरंपान
एक कबुली. वाचनालयाच्या पुस्तकांत कुणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलेलं असतं ते मला पुस्तकाइतकंच आवडतं. एका जुन्या नाटकाच्या प्रतीत प्रत्येक अंकाच्या शेवटी बारीक अक्षरात "नाही पटत" लिहिलेलं होतं. शेवटच्या अंकाखाली: "अजूनही नाही."

मोल्सवर्थचा_भाचा
वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणं हा गुन्हा आहे. पेन्सिल असो की शाई.

कोरंपान
मी लिहिते असं म्हटलं का? वाचते.

शंकासुर
"नाही पटत" मी लिहिलेलं नाही, आधीच सांगतो.

पुरवणी
टाचणी, तुमच्या अकरा वर्षांपूर्वीच्या शिक्क्यावरून एक गोष्ट सांगतो. काही वर्षं मी एका वाचनालयात काम केलंय. दर काही वर्षांनी कपाटं छाटावी लागतात, जागाच नसते. कुठलं पुस्तक काढायचं हे ठरवताना मागची चिठ्ठी आधी बघतात. पाच-सात वर्षं शिक्का नाही, बांधणी सैल, दुसरी प्रत कुठे आहे ते माहीत नाही, की गेलं रद्दीच्या गठ्ठ्यात. वाचून ठरवायला वेळ कुणाला? मी स्वतः असे गठ्ठे बांधलेत. एकदा सुतळी आवळताना वरच्याच पुस्तकाचं पहिलं पान वाचलं आणि ते काढून घेतलं. मार्लेन हाउसहोफर यांच्या 'द वॉल'चा अनुवाद होता तो, मूळ जर्मन १९६३ चं. एका सकाळी एका बाईच्या आणि बाकीच्या जगाच्या मध्ये पारदर्शक भिंत उभी राहते. अलीकडे ती, एक कुत्रा, एक गाय, एक मांजर. तिला बटाटे लावायचेत, गवत कापायचंय, आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर ती हे सगळं लिहून ठेवते. कुणी वाचेल याची खात्री नसताना.

त्या गठ्ठ्यातली खालची पुस्तकं कुठली होती ते मी पाहिलं नाही. ते अजून डोक्यात आहे.

तेव्हा वाचायचं नसलं तरी महिन्याला एखादं जुनं, शिक्का न पडलेलं पुस्तक घरी न्या आणि परत आणा. शिक्का पडला की त्याला आणखी काही वर्षं मिळतात.

दोन_ओळी
म्हणजे पुस्तकाला फिरवून आणायचं. हे मी करणार.

शंकासुर
न वाचता शिक्के मारून तुम्ही माझी वाईट पुस्तकंही वाचवणार. दोन खिडक्यांवालंसुद्धा.

पुरवणी
चालेल. कुणीतरी तिसऱ्या खिडकीपर्यंत पोचेल.

टाचणी
धाग्याला इतके फाटे फुटले तरी मजा आली. मूळ मुद्द्यावर परत येते, कारण कालच एक प्रकार घडला.

ऑफिसचा कॉल चालू होता, मी खिडकीशी (हो, खिडकीशी, शंकासुर) बसले होते. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर नेहमीची कबुतरं. अचानक सगळी एकदम उठली. एखाददुसरं नाही, सगळी, आणि दरवेळी उडतात तशी गिरकी घेऊन परत बसली नाहीत, खाली झुकून पांगली. पूर्वी मी मान वरही केली नसती. या वेळी मी कबुतरांकडे बघितलंच नाही, ती ज्याच्यापासून पळत होती त्या बाजूला बघितलं. कॉल म्यूट केला आणि गच्चीवर पळाले.

ससाणा दिसला असं लिहायला मला फार आवडलं असतं. काही दिसलं नाही. घार असेल, कुणी पतंग उडवला असेल. दहा मिनिटं मान वर करून उभी होते. खाली आले तर कॉलवर सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

बेकरने लिहिलं तेव्हा इंग्लंडमधले ससाणे कीटकनाशकांमुळे झपाट्याने कमी होत होते, हे मला पुस्तक संपल्यावर कळलं. आपण ज्याच्या मागे हिंडतोय ते संपत चाललंय असंच तो धरून होता. आता दुसऱ्यांदा वाचतेय, आणि दुसऱ्यांदा ते रहस्यकथेसारखं अजिबात वाटत नाही.

कोरंपान
गच्चीवरचं वाचताना मीही मान वर केली. घरात. पंखा दिसला.

शंकासुर
टाचणीताई, ते पुस्तक परत केलंत का?

टाचणी
मुदत वाढवून घेतली. चिठ्ठीवर आता माझेच दोन शिक्के आहेत.

शंकासुर
झालं की सांगा. पन्नास पानं, त्यापुढची हमी नाही.

चष्मा_कुठंय
मी रणांगण पुन्हा वाचायला घेतलंय. अजून कुणी वाचत असेल तर कळवा.